टकटक नाना आणि माझे चार खांब

टकटक नाना बोटाच्या पेरानं वाजवून पाहिल्याशिवाय कशावर विश्वास ठेवत नसे. दार, रांजण, टरबूज, एकदा तर माझ्या नातवाचं डोकं. "आवाज बठ्ठं सांगस, अक्का," म्हणायचा. आवाजात सगळं कळतं म्हणे. सुतार मात्र चांगला. भडगावहून अमळनेरला कामाला आला की आमच्याकडे कळण्याची भाकरी मागून खायचा. त्याच्यासाठी मी एक जास्तीची थापत असे.

मुलानं गोठा पाडला तेव्हा सागाचे चार खांब निघाले. माझ्या मालकांनी स्वतःच्या हातानं तासलेले. एकाला म्हशीच्या दोरानं खाच पडलेली. मालक गेले, म्हैस गेली, आता खांब ठेवायला जागा नव्हती. नाना म्हणाला, गावातल्या एका सेठला बागेत जुन्या पद्धतीचा मंडप हवा आहे, तिथं लावतो. अंगणात कोळशानं आराखडाच काढला त्यानं. कौलांचं उतरतं छप्पर, कमानी, वरचा भार लोखंडी सांगाड्यावर आणि कोपऱ्यांना माझे खांब. "कधी बी जाय, टेका दीसन बस," म्हणाला. मी दिले.

मंडप झाल्यावर बघायला गेले. काम झकास. दोराची खाचसुद्धा जिथल्या तिथं. खांबाला टेकले तर पाठ पोळली. नानाची सवय मलाही लागलेली. वाजवून पाहिलं. सिमेंट! माळी म्हणाला, "जुन्या खांबांचा रबरी साचा काढला, मावशी, अन् त्यात ओतलं."

दुसऱ्या दिवशी एसटीनं भडगाव गाठलं. माझे चारही खांब नानाच्या ओट्यावर उभे. तेल लावून चकचकीत.

"हाई काय शे, नाना?"

"सेठना इंजिनेर लाकूड नको म्हने. वाळवी लागस. आठे, माना ओटावर, मी तेल पाजस, अक्का. बरा शेतस ना?"

"मंग माले काबर नही सांगं?"

त्यानं खांबावरचं तेल बोटानं पुसलं. मग म्हणाला, "सांगतू तं तू खांब परत लई जाती."

बोलता बोलता सवयीनं त्यानं खांब वाजवला. आवाज आमच्या गोठ्यातलाच. त्याच्या बायकोनं चहा आणला होता. तो तसाच ठेवून मी उठले.

खांब त्यानं बरे ठेवले, हे खरं. माझ्या मुलानं एवढे बरे ठेवले नसते. पण मागितले असते तर मी दिलेही असते. त्यानं मागितलेच नाहीत.

नाना वारल्याचा निरोप आला तेव्हा मी गेले नाही. भाकरी मात्र अजून एक जास्तीची थापली जाते. ती कुत्र्याला घालते.