एकाच जागी ठेवलेली हळद

एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहिणाऱ्याला नरकातसुद्धा जागा मिळू नये, असं मानणारा माणूस अख्ख्या सांगलीत एकच आहे आणि तो विश्रामबागेत नेमका माझ्या समोरच्या घरात राहतो. गल्ली त्यांना सर म्हणते. आयुष्यभर साखर कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंगं काढली, निवृत्त झाल्यावर आपले आपणच वेबडिझाइन शिकले आणि घराच्या पुढच्या खोलीत नवशिक्यांसाठी क्लास काढला. कारखान्यात एका बोल्टाचं माप बदललं की ढीगभर कागदांवरचं तेच माप ब्लेडनं खरवडून पुन्हा लिहावं लागे. ती जुनी जखम. त्यामुळे स्टाइलशीटमधले व्हेरिएबल, म्हणजे एकदाच लिहून पुढे सगळीकडे नुसत्या नावानं वापरायची मापं आणि रंग, जेव्हा त्यांना पहिल्यांदा भेटले, तेव्हा त्यांची अवस्था उशिरा लग्न जमलेल्या माणसासारखी झाली. भाजीवाल्यालाही सांगत सुटले.

मी त्यांच्या तावडीत सापडले ती हळदीमुळे. माझा घरगुती हळदपुडीचा धंदा आहे. गिऱ्हाइकं वेबसाइट मागायला लागली तेव्हा दुसऱ्याच्या दारात खेपा घालण्यापेक्षा स्वतःच शिकावं, म्हणून मी क्लासला बसले. पहिल्याच आठवड्यात मी मथळ्याला, चौकटीला आणि ऑर्डरच्या बटणाला हळदीच्या रंगाचा तोच आकडा पुन्हा पुन्हा टाइप केला. सर मागे येऊन उभे राहिले.

“ताई, उद्या हा रंग बदलावासा वाटला तर?”

“बदलीन की.”

“किती ठिकाणी?”

“लिहिलाय तितक्या ठिकाणी.”

सरांनी डोळे मिटून घेतले. जवळचं कुणी गेल्याचा फोन यावा तसे. मग फळ्यावर गेले. रंग, अक्षरांचा आकार, मोकळी जागा, सगळं ज्या फाइलमध्ये सांगतो ती स्टाइलशीट. तिच्यात सगळ्यात वर रूट नावाची जागा करायची, तिथं रंगाला एक नाव द्यायचं, नावाआधी दोन आडव्या रेघा, आणि खाली सगळीकडे फक्त ते नाव वापरायचं. आम्ही नाव दिलं ‘हळद’. खरं सांगायचं तर शिकवतात उत्तम. माझा रंग लिंबासारखा दिसत होता, त्याला राजापुरी हळदीची लाली हवी होती. मी वरचा एकच आकडा बदलला आणि मथळ्यापासून बटणापर्यंत अख्खं दुकान एका दमात पिकलं. मलाही मजा वाटली. पण मी घरी जाऊन भाकरी थापायला लागले. सर तिथं थांबले नाहीत.

त्यांनी तीच पद्धत घरात आणली. स्वयंपाकघराच्या दारावर खडूनं लिहिलं, ‘नाश्ता : पोहे’. त्याखाली सातही वार आणि प्रत्येक वारापुढे फक्त ‘नाश्ता’. एकदा त्यांचं पोट बिघडलं म्हणून त्यांनी वरचे पोहे पुसून ‘पेज’ लिहिलं आणि नेमके त्याच सकाळी पुतणीला बघायला पाहुणे आले. सरांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वहिनींनी, कांदा चिरायला घेतला तर सर आडवे. “बदल वर केलाय. तो खाली उतरणारच.” पाहुण्यांनी निमूट पेज प्यायली आणि तरीही लग्न जमलं, ही त्या पाहुण्यांची थोरवी.

चष्मा, किल्ली, गोळ्या, प्रत्येक वस्तूला एक नाव आणि एक जागा, असा सरांचा दावा. ती जागा कुठली हे मात्र त्यांना कधीच ठाऊक नसे. सकाळी उठून ते नुसतं “अगं, चष्मा!” म्हणून ओरडायचे आणि चष्मा हातात यायचा. त्या हाकेवर मी माझ्याकडे चहाचा गॅस पेटवायची, इतकी ती वेळेवर असे. सर याला व्यवस्था म्हणत. त्या व्यवस्थेच्या हातात बांगड्या आहेत, हे क्लासमधल्या सगळ्यांना दिसत होतं, सर सोडून.

आमचा वाद झाला तो एकाच गोष्टीवरून. मी मोबाइलवर पाहिलं होतं की नाव वापरताना त्याच्यापुढे स्वल्पविराम देऊन दुसरा रंगही सांगून ठेवता येतो. नाव सापडलं नाही तर तो लागतो. मी म्हटलं, “हळद मिळाली नाही तर साधा पिवळा, असं लिहून ठेवू का?”

“का मिळणार नाही?” सर उखडले. “ज्याचा स्वतःवर भरवसा नाही, त्यानं लिहावं ते!”

वहिनी मूळच्या उंब्रजच्या. तिथं त्यांची आई अंथरुणाला खिळली. एक दिवस क्लास चालू असतानाच वहिनी दारात येऊन म्हणाल्या, “आवं, आई लय थकलीया. महिनाभर जाऊन राहीन म्हणते. लग्न झाल्यापासनं सलग ऱ्हायलेच न्हाई तिच्यापाशी.”

“जा की,” सर आम्हा सगळ्यांसमोर ऐटीत म्हणाले. “इथं काय अडतंय? सगळं जागच्या जागी आहे.”

“व्हय. हाय की,” वहिनी म्हणाल्या, आणि दुपारच्या एसटीनं गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरून हाक आली, “अगं, चष्मा!” मग शांतता. मग कशावर तरी पाय आपटल्याचा आवाज. सर बिस्किटांवर दिवस काढू लागले, आणि उपाशी माणसानं दुसऱ्याच्या फाइलला हात लावू नये, पण त्यांनी माझ्या फाइलला लावला. नीटनेटकी करतो म्हणाले. नव्या हळदीचा हंगाम होता, मी सगळ्या गिऱ्हाइकांना लिंक पाठवलेली, आणि ऑर्डर एकही नाही. शेवटी साताऱ्याहून माझ्या नणंदेचा फोन आला, “दुकान झ्याक दिसतंय, पण घ्यायचं कुठनं? बटणच न्हाई!”

मी फाइल उघडली. सरांनी ‘हळद’ रूटमधून उचलून मथळ्याच्या कंसात नेऊन ठेवली होती, आणि कंसातलं नाव कंसाबाहेर चालत नाही. त्यामुळे मथळा पिवळाधमक, आणि खालच्या बटणाला हळद कोण हेच ठाऊक नाही. त्याचा रंग उडाला आणि पांढऱ्या पानावर बटणाची पांढरी अक्षरं तेवढी उरली. रागारागात लॅपटॉप उचलून मी समोर गेले. सर स्वयंपाकघरात तीन डबे उघडे टाकून उभे होते. साखर शोधत होते. त्यांनी फाइल बघितली.

“ओरडलंसुद्धा नाही हो हे,” ते म्हणाले. “नाव सापडत नाही म्हणून निदान तक्रार तरी करावी. नुसतं पांढरं पडून बसलंय.”

“ओरडलं असतं तर ऐकलं असतं तुम्ही?”

त्यांनी एका डब्याला झाकण लावलं. मग खाली बघत म्हणाले, “ताई, उंब्रजला तुम्ही फोन करा ना. म्हणावं, आईला बघून झालं, आता ये. तुमचं ऐकेल ती.”

“ऐकतील. म्हणूनच करणार नाही. साखर त्या पितळी डब्यात आहे.”

“आणि चहाला आधी काय...”

“पाणी, सर. आधी पाणी.”

हळद मी स्वतःच परत रूटमध्ये नेऊन ठेवली. सरांनीही ‘ये’ म्हणायला फोन केला नाही. वहिनींचा महिना लांबत गेला, आईच्या शेवटापर्यंत त्या तिथंच होत्या. सर दर शनिवारी थर्मासमध्ये स्वतः केलेला चहा घेऊन उंब्रजची एसटी धरायचे. “पाकच असतोया नुसता,” वहिनी मला फोनवर म्हणायच्या, “पर आई पितीया.”

आता वहिनी परतल्या आहेत. क्लासमध्ये सर नवशिक्यांना पहिल्याच दिवशी स्वल्पविराम शिकवतात, जणू तो त्यांनीच शोधून काढला. माझ्या फाइलमध्येही त्यांनी हळदीपुढे साधा पिवळा लिहून दिलाय, न विचारता. स्वयंपाकघराच्या दारावर पोह्यांच्या खाली नवी ओळ आहे, ‘चहा : ही, नाहीतर मी’. वहिनींनी दिवाळीला दार धुतलं, तेवढी ओळ सोडून.

चष्मा ते स्वतःच शोधतात. उशी, खिडकी, टीव्ही, चाचपडत. सकाळी समोरून हाक येत नाही. बरंच झालं म्हणायचं. फक्त गॅस पेटवायला मला आता घड्याळ बघावं लागतं.