उंदराच्या नावावर

“उंदरानंच खाल्लं आसंल, नागेश. दुसरं काय न्हाय.”

शेळगावचे अप्पा हे नागेश वायरमनच्या पायांना सांगत होते. फियाटच्या दाराबाहेर तेवढे पायच होते. बाकीचा नागेश सीटवर उताणा, डोकं डॅशबोर्डाखाली.

“हिला म्हणलं हुतं, शेंगाची पोती गाडीपशी ठिवू नको. ऐकतंय कोण?”

ही म्हणजे सून, वृषाली. दुकानाला सावली असून ती उन्हात उभी होती. चार दिसांमागं बारामतीला भाचीच्या साखरपुड्याला निघाल्यावर वाटेत डॅशखालनं धूर आला. अप्पांनी बॅटरीची तार उघड्या हातानं उपसली म्हणून गाडी वाचली, हात भाजला. आणि तिथंच, रस्त्याच्या कडेला, नटूनथटून उतरलेल्या पाव्हण्यांसमोर, त्यांनी सुनेला घालूनपाडून बोलून घेतलं. तेव्हापासून घरात पोतं, उंदीर आणि वृषाली ही नावं एका दावणीला बांधलेली.

नागेश मूळचा सांगवीचा. बारामतीत एका मिस्त्रीच्या हाताखाली शिकला आणि इंदापुरात रस्त्याकडंला दुकान टाकलं. पोट चालतं उसाच्या ट्रॅक्टरवर. ट्रॅक्टरवाल्याला गाण्याचा डबा मोठा लागतो, दिवे झगमगीत लागतात, मग फ्यूज उडतो. खेप घेऊन निघालेला गडी नव्या फ्यूजसाठी थांबत नाही. “तार गुंडाळ की,” म्हणतो. जळक्या फ्यूजवर तांब्याची तार गुंडाळली की ट्रॅक्टर चालू. हंगामभर हेच. नाक पुसावं तितकं ते नागेशच्या हाताला सोपं झालेलं.

दिवाळीच्या आधी अप्पांच्या फियाटला त्यानं मोठा हॉर्न बसवला. फ्यूज उडाला. हातानं आपलं काम केलं.

ती तार आता डोळ्यापुढं होती. काळी पडलेली, पण शाबूत. हॉर्नची वायर पत्र्याला घासून उघडी पडली होती. खरा फ्यूज असता तर तो उडाला असता आणि हॉर्न मुका झाला असता, एवढंच. तार उडाली नाही, म्हणून शेजारच्या सगळ्या वायरी वितळून काकवीगत एकमेकींना चिकटल्या होत्या. उंदराची लेंडी नाही, दाताची खूण नाही.

डॅशखाली एक सोय असते, माणसाचं तोंड दिसत नाही. तार खिशात घातली की मिटलं. उंदीर थोडाच साक्ष द्यायला येणार होता?

“घावली का लेंडी?”

“बघतोय.”

“बघ, बघ. हिला दावायचीय.”

“दावा की,” वृषाली म्हणाली. “मी बी बघती.”

नागेश सरकत बाहेर आला. तोंड काजळीनं काळं झालं होतं, ते बरंच झालं. त्यानं तळहात उघडला. त्यावर तार गुंडाळलेला जळका फ्यूज होता.

“अप्पा, उंदीर न्हाय. ही तार माझी हाय. हॉर्न बशीवताना म्या गुंडाळली.”

अप्पांनी फ्यूज बघितला, मग आपला फडकं बांधलेला हात बघितला.

“टॅक्टर वाटला व्हय रं तुला?”

शिवी दिली असती तर नागेशला बरं वाटलं असतं.

“वयनी, माझ्यापायी तुमाला...”

“मला काय सांगताय? रस्त्यावर समदं पाव्हणं हुतं. त्यास्नी सांगा.”

अप्पा मान वळवून पुढं निघालेल्या एस्टीची पाटी वाचायला लागले. एस्टी गेली तरी तिकडंच बघत राहिले.

“भाचीच्या लग्नाला येतील समदी,” नागेश म्हणाला. “तवा सांगतो.” आवाज त्याचा त्यालाच बारीक वाटला.

“या मग,” वृषाली म्हणाली, आणि सावलीत येऊन स्टुलावर बसली.

तेवढ्यात उसाचा ट्रॅक्टर दारात थांबला. “नागेशराव, फ्यूज गेला. टाका तार पटदिशी.”

नागेशचा हात तारेच्या डब्यात गेलासुद्धा. वृषाली बघत होती. त्यानं हात काढून घेतला.

“फ्यूज घालतो. थांबावं लागंल.”

“आज काय झालं ह्याला?” म्हणत ट्रॅक्टरवाला पुढच्या दुकानाकडं निघून गेला.

नागेशनं पक्कड उचलली, सीटवर उताणा पडला आणि जळक्या वायरी एकेक करून तोडायला लागला.