दोन कागदांमधला ओढा

सर्वेक्षण कचेरीत त्याला सगळे रेघमास्तर म्हणत. चौतीस वर्षं नकाशे काढून काढून माणूस पाठीत वाकला, पण हातून रेघ कधी वाकडी गेली नाही. संगणक आले, तरणी मंडळी आली. तरी पक्की प्रत हाताने काढायची म्हटलं की साहेबांना याचंच टेबल आठवायचं. घरी मात्र या गुणाचा जाच होता. भिंतीवरचं कॅलेंडर बोटभर कललेलं दिसलं तर हा पठ्ठ्या भरल्या ताटावरून उठायचा. "तुम्हाला तुटकं-वाकडं काही म्हणता काही खपत नाही," बायको वैतागून म्हणायची, आणि तो ते कौतुकच समजायचा.

त्या सोमवारी साहेबांनी स्वतः नकाशा आणून त्याच्यापुढे पसरला. सात वर्षं दोन पंथांची कापाकापी चालली होती. शेवटी दोघांना वेगवेगळा देश देऊन टाकायचा असं ठरलं. पश्चिमेचा आपला, पूर्वेचा त्यांचा. सह्या झालेल्या नकाशाची एक प्रत त्यांच्याकडे गेली होती; आपल्या प्रतीवरची सरहद्द लाल शाईने पक्की करायची होती.

"डोंगर संपला की ओढ्याओढ्याने जायचं," साहेब म्हणाले. "ओढ्यावर दोघांचंही एकमत झालंय. निसर्गानेच काढलेली रेघ, भांडणाला जागा नाही."

खोटं कशाला सांगा, रेघमास्तर खूश झाला. देशाची सरहद्द काढायला किती जणांना मिळते? बुधवारी दुपारी तो ओढ्यापाशी पोचला. एके ठिकाणी ओढा मोठं डौलदार वळण घेऊन खाली उतरत होता. वा, काय हात आहे, असं तो मनात म्हणाला. मग चष्मा पुसून खाली वाकला आणि त्याने वळण ओळखलं. हात त्याचाच होता.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी त्याने दोन जुने कागद जोडून एक नकाशा केला होता. दमट हवेने कागद आकसलेले. एकावर ओढा जिथे तुटत होता, त्यापासून अंगठाभर सरकून तो दुसऱ्यावर सुरू होत होता. अशा वेळी मधली जागा कोरी सोडायची, शेजारी शेरा मारायचा आणि मोजणीला माणूस पाठवायचा, असा नियम. पण दातात काही अडकावं तशी ती कोरी जागा त्याला छळत राहिली. त्याने एक सुरेख वळण काढून दोन्ही टोकं जुळवून टाकली. पुढचे सगळे नकाशे त्यावरूनच निघाले. तेव्हा तिथे नुसता माळ होता. कुणाचं काय बिघडणार होतं?

आता त्या माळावर चाळीस घरं होती, सगळी आपल्या माणसांची. त्यातलं एक त्याच्या धाकट्या बहिणीचं. पंधरा वर्षं दर सुट्टीत तो तिच्या मागच्या दारी ओढ्यात पाय सोडून बसला होता. खरा ओढा घरांच्या पूर्वेला होता. त्याच्या नकाशात तो पश्चिमेला होता, म्हणजे घरं त्यांच्या देशात जात होती. पंधरा वर्षांत एकदाही हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं! सात वर्षांत पलीकडे सापडलेल्या माणसांचं काय झालं, हे मात्र त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याला स्वतःची किळस आली.

तो धडपडत साहेबांच्या खोलीत गेला आणि सगळं कबूल केलं. साहेबांनी ऐकून घेतलं. मग उठून आधी दार लावलं.

"करारात एक कलम आहे, मास्तर. जमीन आणि नकाशा यांत फरक निघाला तर नकाशा खरा धरायचा."

"साहेब, पण ओढा तिथे नाहीच! चाळीस घरं आहेत हो."

"आपण एक वळण उकरलं तर ते पन्नास उकरतील. परत कापाकापी सुरू होईल. तिची जबाबदारी घेताय?" साहेबांनी त्याच्याकडे न बघता दार उघडलं. "जा. रेघ पुरी करा."

त्याने ती पुरी केली. नेहमीसारखीच सफाईदार आली. शाईच्या दौतीला बूच लावत होता, तेवढ्यात बहिणीचा फोन आला.

"दादा, अरे हे काय चाललंय? ओढा आमच्या मागच्या दारी, आणि हे लोक नकाशा दाखवून पुढच्या दारात खांब रोवतायत! परवा दुपारपर्यंत घरं सोडा म्हणतात, नाहीतर पुढचं आम्हाला विचारू नका म्हणे. कोण गाढव बसवलाय रे तुमच्याकडे नकाशे काढायला?"

"मी," तो म्हणाला.

"चेष्टा नको रे दादा, मी रडतेय इथे." तिने नाक ओढलं. "तुझ्यासारखा एखादा नीट काम करणारा माणूस का नाही रे बसवला त्यांनी?"