माझं कल्चर जोमात आलं
आता गावभर फजिती झालीच आहे, तर तुम्हीही ऐका. पण मध्ये दात काढायचे नाहीत!

आमच्या चोपड्याकडं कल्चर म्हणजे केळीची रोपं. शेंबडं पोरगंही सांगेल. मी जळगावच्या नर्सरीत रोपं सांगून ठेवली होती. त्यात पायाला विळा लागला, ताप भरला. डॉक्टरनं रक्त काढून जळगावला पाठवलं. का पाठवलं, मी कशाला विचारू?

दुसऱ्या दिवशी फोन. बाई होती.

"आबा, जळगावहून बोलतेय. तुमच्या कल्चरमध्ये वाढ आलीय."

"जोमदार आहे ना?"

"खूपच! एका रात्रीत आली."

"वा! ठेवा तिथंच, पुढच्या आठवड्यात नेतो."

"पुढच्या आठवड्यात? आबा, जिवाशी खेळ आहे! आजच या. गाडी करून या, एकटे येऊ नका."

रोपांना एवढा जीव लावणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली! बायको ओरडत होती, "अंग फणफणलंय, कुठं निघालात?" मी ऐकतो का? टेम्पो केला, चार मजूर घेतले, मागं रिकामे क्रेट रचले. बाईनं सांगितलेल्या पत्त्यावर पोचलो, तर ड्रायव्हर भिका म्हणतो, "आबा, हाऊ ते दवाखाना शे!"

"मागं असंल नर्सरी. उतर!"

दारातच ती फोनवाली बाई भेटली. क्रेट बघून म्हणाली, "हे कशाला?"

"कल्चर भरायला."

बाईनं कपाळाला हात लावला. "आबा, कल्चर तुमच्या रक्ताचं! रक्तात जंतू वाढलेत."

"मग तुम्ही कोण?"

"जिल्ह्यात असे रुग्ण किती, ते मी मोजते. कुठं प्रमाण वाढलं तर लगेच कळायला हवं. चोपडा तालुक्यातून या महिन्यात तुम्ही पहिले."

"पहिला नंबर?" माझी छाती फुगली. मागं मजूर फिदीफिदी हसले. गाढव लेकाचे! तेवढ्यात डोळ्यांपुढं अंधारी आली आणि त्याच मजुरांनी मला उचलून खाटेवर टाकलं.

मग सलाइन, सुया, इंजेक्शनं. जंतू म्हणे नशीब बलवत्तर म्हणून वेळेवर सापडले. सगळं नीट समजावलं मला. समजलंही होतं हो!

काही दिवसांनी डॉक्टर हसत आले. "आबा, परत कल्चर केलं. आता काहीच वाढ नाही!"

आणि माझ्या तोंडून काय निघावं?

"अरेरे! खत कमी पडलं का?"