लोभियो

माझ्या शिक्षणाचं कर्ज माझ्या नावावर होतं आणि जामीनदार वडील. तालुक्याच्या गावी बाजारपेठेत त्यांचं शिलाईचं दुकान आहे. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. ते पाहता यावं म्हणून बँकेने दाखवलं तिथे वडिलांनी सही केली. मला नोकरी लागायला उशीर झाला, हप्ते थकले आणि वसुलीचा माणूस दुकानासमोर येऊन उभा राहिला. गिऱ्हाइकांच्या देखत त्याने विचारलं, मुलगा पैसे कधी भरणार? वडिलांनी फोनवर मला फक्त एवढंच सांगितलं, की तो पुन्हा येईन म्हणालाय.

तो पुन्हा येता कामा नये. बडोद्याला आलो तो हे एकच ठरवून.

ऑफिस अलकापुरीत होतं, खोली घेतली बाजव्यात. वारा फिरला की रिफायनरीचा वास येई, म्हणून भाडं कमी. रेल्वेचा पास काढला, स्टेशनपासून पुढे पायी. डबा घरचा, म्हणजे माझ्याच हातचा. भाजी रात्री हातगाड्या आवरायच्या वेळी घ्यायची. संध्याकाळी ऑफिसातली मंडळी सयाजीगंजात सेव-उसळ खायला जात. मीही जाई, गप्पा मारी, पाणी पिऊन निघे. नवा फोन हप्त्यावर घे, असा सल्ला रोज मिळे. हप्ता म्हटलं की मला दुकानासमोरचा तो माणूस दिसे.

तिथे मला नाव पडलं, लोभियो. गुजरातीत त्याचा अर्थ चिक्कू, खिशात हात न घालणारा.

"लोभिया, आज तरी तूच पाज चहा," एकजण म्हणे.

"माझा पगार गावाला गेलाय. तो आला की पाजतो," मी म्हणे.

सुरुवातीला ते नाव टोचलं. मग विचार केला, लाज वाटायची वेळ माझ्यावर एकदा येऊन गेली आहे. ती दुकानासमोर आली होती. पाणी पिऊन उठण्यात कसली लाज?

कर्ज संपत आलं तेव्हा आई थोडे दिवस राहायला आली. खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण काकींनी तिला ओट्यावर बसवून घेतलं आणि हसत म्हणाल्या, "बेन, तमारो दीकरो बहु लोभियो छे."

आईला गुजराती येत नाही. पण 'लोभ असावा' हे तिने प्रत्येक लग्नपत्रिकेत वाचलेलं. काकी मुलाला लोभस, मायाळू म्हणताहेत, असं तिने धरलं. वर आली, गावाहून आणलेल्या डब्यातले निम्मे लाडू काढले आणि काकींना देऊन आली.

संध्याकाळी तिने ते मला कौतुकाने सांगितलं. मला हसू आवरेना. शेवटी खरा अर्थ सांगावाच लागला. भाकरी थापता थापता तिचा हात थांबला.

"आणि तू ऐकून घेतोस?"

"खरं आहे ते. मी आहेच तसा," मी म्हणालो.

तिने ती भाकरी तव्यावर टाकली, भाजली, उतरवली, गॅस बंद केला आणि तशाच पिठाच्या हातांनी खाली गेली. मी मागोमाग.

"ताई," ती काकींना मराठीतच म्हणाली, "लाडू दिले ते दिले, परत मागत नाही. पण माझ्या नवऱ्याच्या दुकानासमोर आता गिऱ्हाईकच उभं राहतं, दुसरं कुणी नाही. ते ह्याच्या लोभामुळे. तुम्ही खुशाल म्हणा त्याला लोभियो."

काकींना मराठी चांगलं समजतं. त्या म्हणाल्या, "लाडू सरस हता, बेन."

शेवटचा हप्ता भरला त्याच आठवड्यात बँकेचा मेसेज आला, नव्या कर्जाला मी पात्र आहे म्हणून. तो पुसून टाकला. ऑफिसात सगळ्यांना सेव-उसळ खाऊ घातली आणि माझ्या वाटची प्लेट पहिल्यांदाच खाल्ली. घरी मात्र पासावरच गेलो.

ते अजून मला लोभियोच म्हणतात. मीही अजून ओ देतो.