घर उचललं तेव्हा
बर दुबईच्या खाडीत अब्रात, म्हणजे तिथल्या लाकडी होडीत, बसले की ओल्या लाकडाचा वास येतो आणि मम्मीला सांभाळायला आमच्याकडे राहणारी इंडोनेशियन बाई आठवते. नदीकाठच्या आपल्या गावात तिने इथल्या कमाईतून खांबांवर लाकडी घर बांधलं होतं. एका शुक्रवारी दुपारी तिच्या भावाचा व्हिडिओ कॉल आला. पुरात काठ खचत खचत थेट घराच्या खांबांपर्यंत आला होता. चिखलात सगळं गाव अख्खं घर खांद्यावर उचलून दुसरीकडे न्यायला उभं होतं, फक्त तिच्या होकाराची वाट होती. तिला दुसरी जमीन नव्हती. घर भावाच्या जागेत ठेवावं लागणार होतं. “फिर घर भाई का हो जाएगा?” मी विचारलं. “हां दीदी, उधर जमीन जिसका, घर उसका,” ती म्हणाली आणि फोनमध्ये तिच्या भाषेत एकच शब्द बोलली. माणसांनी आरोळी दिली, घर हललं आणि हळूहळू चालू लागलं. अंथरुणातली मम्मी कितीतरी दिवसांनी हसली, “अगो, घर चालतंय बघ!” तीही डोळे पुसत हसली आणि मम्मीची पेज गरम करायला उठली. आता ती कायमची गावी परतली आहे. त्याच घरात मागच्या खोलीत राहते, आणि फोनवर त्याला ‘भाई का घर’ म्हणते.