बर्फ पाडणारा फ्रिज
आज नवा फ्रिज उघडला आणि त्या कोऱ्या प्लास्टिकच्या वासाने मला थेट आखातातल्या, रोल्ला भागातल्या आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये नेलं. समोरच्या फ्लॅटमध्ये रत्नागिरीची शेजारीण राहायची. तिच्याकडे दोन दारांचा फ्रिज आला होता. "भाभी, नुसता ग्लास लावा," ती म्हणाली, आणि फ्रिजच्या दारातूनच खडखडत बर्फ पडला. "आवाज फार करतो हो," असं म्हणून मी धुमसतच घरी आले. लेक इतिहासाचा धडा घोकत होती. पहिल्या महायुद्धानंतरची अमेरिका, पुढारी भरभराटीची ग्वाही देताहेत, जाहिराती भुलवताहेत आणि शेजाऱ्याकडे आलं म्हणून लोक हप्त्यांवर मोटारी, रेडिओ, फ्रिज घेत सुटलेत. "काय खुळे लोक!" मी म्हटलं. लेकीने पुस्तकातून मान वर केली. "देन व्हाय आर यू मेजरिंग अवर किचन, मम्मा?" टेप माझ्या हातातच होती. आज माझ्याकडे तसाच फ्रिज आहे, त्या शेजारणीच्या फ्रिजपेक्षा मोठाच. ती मात्र केव्हाच कायमची गावी गेली. बर्फ खडखडत पडतो आणि "आवाज फार करतो हो" असं म्हणायलासुद्धा समोर कुणी नाही.